गोव्याच्या चिखलात पपायरस

परदेशी बागकामाच्या पुस्तकांत पपायरसबद्दल लिहिताना बरीच जागा थंडीला दिलेली असते. हिमाआधी कुंडी घरात आणा, मुळे गोठू देऊ नका, वसंतात पुन्हा बाहेर काढा. गोव्यात यातले काहीच करावे लागत नाही. प्राचीन इजिप्तमध्ये जिच्यापासून कागद करत ती, नाईलच्या खोऱ्यातली आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची ही पाणथळ वनस्पती आपल्या हवेत बारा महिने वाढू शकते. आपल्यापुढचे प्रश्न वेगळे आहेत: जुलैतला वारा, डास, आणि कुंडीतून सुटून शेजारच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पसरण्याची भीती. हे झाड कसे घडले आहे ते एकदा नीट कळले की या तिन्ही प्रश्नांची उत्तरे माळ्याला विचारावी लागत नाहीत.

पपायरस हा लव्हाळ्याच्या कुळातला. दिवाळीच्या उटण्यात घालतो तो नागरमोथा आणि पपायरस हे दोघेही सायपरस या एकाच प्रजातीचे सदस्य. नागरमोथा वीतभर उंचीचा, तर पपायरस मूळ ठिकाणी चार-पाच मीटरपर्यंत जातो. कुंडीत तो बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपास राहतो. त्याच्या दांड्यावर पाने दिसत नाहीत. ती बुंध्याशी नुसत्या खवल्यांच्या रूपात उरलेली असतात. शेंड्याला शंभराहून अधिक बारीक हिरव्या काड्यांचा झुबका असतो, देवघरातल्या चवरीसारखा. अन्न तयार करण्याचे काम हा झुबका आणि हिरवा दांडा मिळून करतात.

हे काम तो ऊस, मका आणि ज्वारीच्या पद्धतीने करतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बनच्या संयुगात पकडायचा आणि मग आतल्या पेशींत नेऊन त्याची साखर करायची, अशी ही रीत आहे. वनस्पतिशास्त्रात तिला सी-४ म्हणतात. कडक ऊन आणि उष्णता असेल तिथे ही रीत फायद्याची ठरते आणि थोड्या नत्रात जास्त वाढ साधते. जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पाणथळ वनस्पतींत पपायरसची गणना होते ती बऱ्याच अंशी यामुळे. बागेच्या भाषेत सांगायचे तर त्याला ऊन हवे, दिवसाचे निदान पाच-सहा तास. माडाच्या गर्द सावलीत किंवा कुळागरात तो जगेल, पण दांडे बारीक, लांबुडके आणि लुळे येतील. जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असताना वाढ मंदावते, तेव्हा खताची घाई करू नये.

आता वाऱ्याचे बघू. पपायरसचा दांडा बोटांत धरून फिरवला की तीन कडा लागतात. त्रिकोणी दांडा ही या कुळाची ओळखच. वनस्पतींच्या यांत्रिकीचे अभ्यासक रोलंड एनॉस यांनी १९९३ साली याच कुळातल्या कॅरेक्स नावाच्या एका वनस्पतीच्या दांड्यांचे यांत्रिक गुणधर्म मोजले. त्रिकोणी दांडा वाकण्याला चांगला विरोध करतो, पण त्याला पीळ मात्र सहज बसतो, असे त्यांना आढळले. वारा एका बाजूने आला की दांडा थोडा पिळतो, शेंड्याचा भार वाऱ्याच्या दिशेला वळतो आणि दांड्यावरचा ताण कमी होतो. ही रचना मला फार देखणी वाटते: ताठ उभे राहायचे, पण वाऱ्याशी झुंजायचे नाही.

तरीही तिला मर्यादा आहे. पपायरस आफ्रिकेत हजारो दांड्यांच्या गर्दीत वाढतो आणि प्रत्येक दांड्याला शेजाऱ्याचा आडोसा असतो. आपल्या गच्चीवरच्या एकट्या कुंडीला तो नसतो. त्यात जुलैचा पाऊस झुबक्यात साचून त्याचे वजन वाढवतो. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून कुंडी घराच्या किंवा गडग्याच्या पूर्वेला ठेवली की सकाळचे ऊनही मिळते आणि वाऱ्याचा मारही चुकतो. प्लास्टिकच्या हलक्या कुंडीच्या तळाशी चिऱ्याचे दोन तुकडे टाकावेत. जुन्या घरांच्या राजांगणात ऊन पोचत असेल तर पपायरससाठी त्याहून चांगली जागा नाही.

मातीखालची गोष्ट तर याहून रंजक आहे. माती पाण्याखाली गेली की तिच्यातला ऑक्सिजन सूक्ष्मजीव काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत संपवतात. तुळस किंवा जास्वंद अशा मातीत गुदमरते. पपायरसच्या दांड्याचा गर मात्र हवेच्या बारीक पोकळ्यांनी भरलेला असतो. वरची हवा त्यातून कंदापर्यंत आणि मुळांपर्यंत उतरते आणि थोडी मुळांतून बाहेरच्या चिखलातही झिरपते.

गोव्यात हे डोळ्यांनी बघता येते, कारण आपली माती लोहाने भरलेली आहे. चिऱ्याला तांबडा रंग देणारे लोहाचे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. पण चिखलातला ऑक्सिजन संपला की काही जिवाणू श्वसनासाठी या लोहाचाच वापर करतात. त्या क्रियेत लोहाचे रूप बदलते आणि ते पाण्यात विरघळू लागते. असे विरघळलेले लोह मुळाजवळ आले की तिथे झिरपणारा ऑक्सिजन त्याला भेटतो आणि मुळावरच गंजाचा पातळ थर बसतो. पाणथळ वनस्पतींची मुळे उपटून धुतली की हा तांबूस लेप दिसतो. भाताची रोपे उपटणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा असेल. तो रोग नाही, खरवडून काढू नये. मूळ श्वास घेत असल्याची ती खूण आहे. उलट मुळे काळी पडली असतील आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चिखलात न कुजलेले सेंद्रिय द्रव्य फार झाले आहे असे समजावे.

म्हणूनच पपायरसच्या कुंडीत ताजे शेण आणि कोकोपीट नको. शेण सडताना असलेला ऑक्सिजनही ओढून घेते आणि कोकोपीट पाण्यावर तरंगत वर येते. शेतातली चिकण माती आणि थोडी जाड रेती पुरे. वरून दोन बोटे खडी पसरावी. पपायरस थोड्या नत्रात भागवत असला तरी इतक्या वेगाने वाढताना त्याला नत्र लागतेच, तेव्हा हळू विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या कंदाच्या बाजूला मातीत खोल खोचाव्यात. पाण्यात टाकलेले खत झाडाआधी शेवाळाला मिळते. तळ्यात लावताना कंदावर वीतभरापेक्षा जास्त पाणी नसावे; सुरुवातीला तर दोन-तीन बोटेच ठेवावे आणि नवे कोंब वर आले की कुंडी खाली सरकवावी. खाजनाच्या किंवा खाडीकाठच्या मचूळ पाण्यात हा प्रयोग करू नये, हे गोड्या पाण्याचे झाड आहे.

डासांचा विचार आपल्याला टाळता येत नाही. शहरी मलेरिया पसरवणारा अॅनोफिलिस स्टीफन्सी हा डास गोव्यात विहिरी, टाक्या आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस तर भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यात महिनोन्महिने टिकतात. त्याच्याविरुद्ध मला सर्वांत पटलेली युक्ती साधी आहे. तळाला भोक नसलेल्या मोठ्या कुंडीत लागवड करावी, वरपर्यंत खडी भरावी आणि पाण्याची पातळी खडीच्या खाली दोन बोटे ठेवावी. मुळांना पाणी मिळते, डासाला अंडी घालायला उघडे पाणी सापडत नाही. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या काही कृत्रिम पाणथळींतही पाणी असेच खडीखालून नेतात. पावसाळ्यात पातळी वर येऊ नये म्हणून कुंडीच्या बाजूला त्या उंचीवर एक भोक पाडावे.

उघडे तळे असेल तर मासे हवेतच. अॅप्लोकिलस ब्लॉकी या आपल्या भागातल्या छोट्या माशाचा आणि बीटीआय या जिवाणूचा डासांच्या अळ्यांविरुद्ध गोव्यात प्रत्यक्ष वापर करून अभ्यास झालेला आहे. गप्पी परदेशी आहे. तो सोडलाच तर बंद हौदात, ज्याचे पाणी व्हाळाला मिळत नाही अशा ठिकाणी. आणि दांड्यांची गर्दी अधूनमधून विरळ करावी, नाहीतर मासे बेटाच्या आत शिरू शकत नाहीत.

नर्सरीत पपायरस मागितल्यावर पुष्कळदा अंब्रेला पाम हातात पडतो. तो सायपरस इन्व्होलुक्रेटस, पपायरसचा भाऊबंद. त्याच्या शेंड्याला केसांसारख्या काड्यांऐवजी छत्रीच्या काड्यांसारखी चपटी पाने असतात. सावली, दुर्लक्ष, उथळ कुंडी हे सगळे तो सोसतो, म्हणून नवशिक्यांनी त्याच्यापासूनच सुरुवात करावी. त्याचा शेंडा कापून, पानांची टोके छाटून पाण्यात उलटा ठेवला की काही आठवड्यांत मधल्या भागातून मुळे आणि रोपे फुटतात. खऱ्या पपायरससाठी मात्र कंद फोडणेच खात्रीचे. हे काम पावसाच्या तोंडावर करावे आणि प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन जिवंत कोंब राहतील असे बघावे.

इतक्या सहज वाढणाऱ्या झाडाला मोकळे सोडणे धोक्याचे, हे मला कळकळीने सांगायचे आहे. अंब्रेला पाम जगाच्या अनेक उष्ण भागांत बागांमधून निसटून ओढ्यांच्या काठी स्थायिक झाला आहे. जलपर्णीने आपल्या तळ्यांचे काय केले ते आपण बघतोच. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरले. करमळीच्या तळ्यावर आजही देशी लव्हाळ्यांत जांभळ्या पाणकोंबड्या फिरतात. तिथल्या काठांवर आपल्या हौसेचा कंद पोचता कामा नये. तळ्यात लावायचे तेही कुंडीसकट लावावे, आणि तळे सांडून पाटाला मिळत असेल तर लावूच नये. काढून टाकलेले कंद व्हाळात न फेकता उन्हात कडकडीत वाळवावेत.

दांडे कापायची वेळ कुंडी आणि तळे यांच्यासाठी वेगवेगळी आहे. दांडा म्हातारा होताना पपायरस त्यातले बरेचसे नत्र कंदात परत ओढून घेतो. म्हणून कुंडीत दांडा पूर्ण तपकिरी झाल्यावरच बुंध्याशी कापावा. तळ्याच्या पाण्यात मात्र खताचा अंश वाढून शेवाळ माजत असेल, तर दांडे हिरवे असतानाच कापावेत, म्हणजे नत्र त्यांच्याबरोबर बाहेर जाते. युगांडात कंपालाचे सांडपाणी नाकिवुबोच्या दलदलीतून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाते आणि तिथला पपायरस त्यातले नत्र-स्फुरद शोषून घेतो.

कापलेल्या हिरव्या दांड्यांचा कागद मुलांबरोबर जरूर करून बघावा. साल सोलायची, पांढऱ्या गराच्या पातळ पट्ट्या काढायच्या, भिजवायच्या, एक थर उभा आणि त्यावर दुसरा आडवा रचायचा, आणि जुन्या सुती कापडांत घालून पाट्याखाली दाबून ठेवायचे. कापडे रोज बदलायची. गरातल्या रसानेच थर एकमेकांना चिकटतात. इजिप्तच्या वादी अल-जर्फ इथे २०१३ साली सापडलेल्या, पिरॅमिडसाठी दगड वाहणाऱ्या तुकडीच्या नोंदी अशाच कागदावर साडेचार हजार वर्षे टिकल्या, कारण तिथली हवा कोरडी आहे. गोव्यात ऑगस्टमध्ये केलेल्या कागदाला वाळण्याआधीच बुरशी धरेल, तेव्हा हा उद्योग जानेवारीत करावा.