अमेरिका तेल विकायला लागली, त्यामागची चाळीस वर्षं

कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढे गुहागरच्या किनाऱ्यावर दाभोळचं एलएनजी टर्मिनल. 30 मार्च 2018 रोजी तिथे ‘मेरिडियन स्पिरिट’ नावाचं जहाज लागलं. त्यात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातून, सबाइन पास बंदरातून आलेला द्रवरूप नैसर्गिक वायू होता. गेल कंपनीने डिसेंबर 2011 मध्ये शेनिएर या अमेरिकी कंपनीशी वर्षाला 35 लाख टनांचा, 20 वर्षांचा करार केला होता. त्यातली ही पहिली खेप. त्याआधी ऑक्टोबर 2017 मध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचं जहाज ओडिशातल्या पारादीपला येऊन गेलं होतं.

सबाइन पासचं टर्मिनल 2008 मध्ये सुरू झालं ते वायू आयात करण्यासाठी. अमेरिकेतला वायू आटत चाललाय, यापुढे तो परदेशातून आणावा लागणार, या हिशेबाने तिथे धक्के आणि प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या. काही वर्षांतच हिशेब साफ उलटला. त्याच टाक्यांशेजारी वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड करणारी यंत्रणा उभी राहिली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये तिथून भरलेलं पहिलं जहाज ब्राझीलला निघालं. आयातीसाठी बांधलेलं बंदर निर्यातीचं झालं. एवढा मोठा पालट कसा झाला, हे नीट समजून घ्यायला हवं. कारण ‘अमेरिकेने केलं, मग आपण का नाही’ हा प्रश्न डिझेलचे दर वाढले की सांगलीच्या मार्केट यार्डापासून साताऱ्याच्या पोवई नाक्यापर्यंत सगळीकडे निघतो.

मुळात अमेरिका तेल विकणाराच देश होता. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं, आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकी रॉकेल पत्र्याच्या डब्यांत भरून हिंदुस्थानात येऊ लागलं. नंतर रशियाचं आणि ब्रह्मदेशाचं रॉकेल स्पर्धेत उतरलं. आपल्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचला तेव्हा खेड्यातला उजेड पूर्णपणे या धंद्यावर चालत होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी वापरलेल्या तेलाचा फार मोठा हिस्सा एकट्या अमेरिकेने पुरवला.

युद्ध संपल्यावर गाड्या वाढल्या, महामार्ग झाले, मागणी देशातल्या उत्पादनाच्या पुढे गेली. काही वर्षांतच अमेरिका विकण्यापेक्षा जास्त विकत घेऊ लागली. तरी कुणाला घोर नव्हता, कारण टेक्सासमध्ये राखीव क्षमता होती. तिथे कोणत्या विहिरीने किती तेल काढायचं हे टेक्सास रेलरोड कमिशन ही तिथली सरकारी संस्था ठरवायची. भाव पडू नये म्हणून विहिरी मुद्दाम कमी चालवल्या जात. 1970 मध्ये देशाचं उत्पादन दिवसाला सुमारे 96 लाख पिंपांवर पोहोचलं आणि तिथून उतरणीला लागलं. 1972 मध्ये कमिशनने विहिरी पूर्ण क्षमतेने चालवायला परवानगी दिली. राखीव क्षमता संपल्याचीच ती कबुली होती. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1973 मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव 3 डॉलरच्या आसपासून 12 डॉलरच्या घरात गेला.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1980 पर्यंत स्वयंपूर्ण होण्याची घोषणा केली. ती फसली. पण 1975 च्या कायद्याने दोन गोष्टी झाल्या: आणीबाणीसाठी राखीव तेलसाठा उभा राहिला, आणि देशातलं कच्चं तेल बाहेर विकायला जवळपास पूर्ण बंदी आली. ही बंदी 40 वर्षं टिकली. पुढचा प्रत्येक राष्ट्राध्यक्ष परदेशी तेलावरचं अवलंबित्व संपवण्याची भाषा करत राहिला आणि आयात वाढतच गेली. 2005 मध्ये देशाच्या गरजेतला सुमारे 60 टक्के वाटा निव्वळ आयातीचा होता. 2008 मध्ये देशातलं उत्पादन दिवसाला 50 लाख पिंपांवर घसरलं, आणि त्याच वर्षी जुलैत पिंपाचा भाव 147 डॉलरला टेकला.

हे सगळं चालू असताना खरं काम खडकात चाललं होतं.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या माणसाला ते समजावून सांगायला वेळ लागत नाही. आपल्या काळ्या पाषाणात बोअर मारला की पाणी खडकातून येत नाही, भेगेतून येतं. भेग चुकली की पाचशे फूट गेलं तरी नुसती धूळ. शेल हा गाळाचा घट्ट खडक तसाच हट्टी आहे. त्यात तेल-वायू आहे, पण वाहून येण्याइतकी वाटच नाही. मग ती वाट पाडायची: प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडायच्या आणि त्या मिटू नयेत म्हणून पाण्यासोबत वाळू घुसवायची. आपल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं कमी पाण्याच्या विंधन विहिरींवर जलभंजन करतात, त्याचं मूळ तत्त्व हेच. फरक दाबाचा, खोलीचा आणि पैशाचा.

टेक्सासमधले जॉर्ज मिचेल या कामामागे लागले. ग्रीसहून आलेल्या गरीब कुटुंबातला हा माणूस. त्यांच्या कंपनीकडे शिकागोला वायू पुरवण्याचा करार होता आणि हाताशी असलेल्या विहिरी आटत होत्या. फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलमध्ये त्यांनी 1981 पासून प्रयोग सुरू केले. खडक फोडता यायचा, पण खर्च निघायचा नाही. कंपनीतले लोकही हे खूळ सोडा म्हणत होते. 1998 मध्ये निक स्टाइन्सबर्गर या तिथल्या इंजिनिअरने पाण्यात मिसळायचं महागडं घट्ट जेल जवळपास काढून टाकलं आणि भरपूर पाणी, थोडं रसायन आणि वाळू एवढ्यावर विहीर फोडली. ती विहीर स्वस्तात पडली आणि वायूही जास्त देऊ लागली. 2002 मध्ये डेव्हन कंपनीने मिचेल यांची कंपनी घेतली आणि या तंत्राला आडव्या ड्रिलिंगची जोड दिली: आधी सरळ खाली, मग खडकाच्या थरातून आडवं लांबवर. पुढे नॉर्थ डकोटाचा बाकन, दक्षिण टेक्सासचा ईगल फोर्ड आणि सगळ्यात मोठा पर्मियन, इथे हीच रीत वायूऐवजी तेलासाठी वापरली गेली.

सरकारचा हात यात नव्हता असं म्हणणं मला पटत नाही. 1970 च्या दशकातच अमेरिकी सरकारने शेलमधल्या वायूवर संशोधनाचा कार्यक्रम चालवला होता. 1980 मध्ये अशा अवघड वायूला करसवलत दिली आणि पात्र विहिरींना ती 2002 पर्यंत मिळत राहिली. मधल्या काळात चार-पाच राष्ट्राध्यक्ष बदलले.

तेलासाठीच्या विहिरींत जेलची गरज पुन्हा निघाली, आणि ते बनायचं गवारीच्या बियांपासून. आपण गवारीच्या कोवळ्या शेंगांची भाजी करतो. राजस्थान-हरियाणात बियांसाठी शेतच्या शेत पेरतात. 2012 मध्ये गवार गमचे भाव असे भडकले की मार्चमध्ये त्याचा वायदेबाजार बंद करावा लागला. जोधपूरच्या मंडीचा भाव टेक्सासच्या विहिरींवर ठरत होता.

मग आपल्याकडे का नाही? एक कारण मालकीचं. अमेरिकेत जमिनीखालचं तेल बहुतेक ठिकाणी जमीनमालकाचं असतं. त्याला रॉयल्टी मिळते, त्यामुळे शेतकरी स्वतः कंपनीला बोलावतो. आपल्याकडे तेल-वायूचे हक्क सरकारकडे आहेत. शिवाय तिथे शेकडो लहान कंपन्या होत्या, पाइपलाइनचं जाळं आधीच होतं आणि 2008 नंतर कर्ज फार स्वस्त होतं. दुसरं कारण पायाखालचं. कोयना भूकंपांच्या अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठणे इथे 3 किलोमीटर खोल बोअर घेतला गेला. वर साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. तेल ज्यात बनतं तो गाळाचा खडक मध्ये नाहीच. देशात आसाम, गुजरात, राजस्थान, मुंबई हाय इथे तेल आहे, पण गरजेच्या मानाने थोडं.

कोयनेवरून आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप सोसलेल्या जिल्ह्याला जमिनीत मुरणारं पाणी काय करू शकतं हे ठाऊक आहे. ओक्लाहोमात तेलासोबत निघालेलं खारं पाणी पुन्हा खोल जमिनीत सोडलं गेलं आणि जिथे मोठे भूकंप विरळ होते तिथे सप्टेंबर 2016 मध्ये 5.8 तीव्रतेचा धक्का बसला. या उत्पादनाची किंमत पंपावरच्या पाटीवर लिहिलेली नसते.

तेल इतकं वाढलं की जुनी बंदी अडचणीची झाली. डिसेंबर 2015 मध्ये ती उठली. त्याआधी वर्षभर सौदी अरेबियाने उत्पादन न घटवता भाव पडू दिले होते. 2016 च्या सुरुवातीला पिंप 30 डॉलरच्या खाली गेलं, अनेक शेल कंपन्यांनी दिवाळं काढलं, पण ज्या टिकल्या त्यांनी खर्च आणखी खाली आणला. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिका अख्ख्या महिन्यात निव्वळ निर्यातदार ठरली, आणि 2020 मध्ये पूर्ण वर्षभर. 2023 मध्ये उत्पादन दिवसाला सुमारे 129 लाख पिंप होतं.

यातला ‘निव्वळ’ हा शब्द मात्र सोडून चालत नाही. कच्चं तेल आणि पेट्रोल-डिझेलसारखा तयार माल मिळून हा हिशेब आहे. नुसतं कच्चं तेल धरलं तर अमेरिका आजही विकते त्यापेक्षा जास्त घेते. शेलचं तेल हलकं आणि तिथल्या अनेक रिफायनऱ्या जड तेलासाठी बांधलेल्या, म्हणून हलकं बाहेर जातं आणि जड कॅनडातून येतं. भाव तर जगाचाच लागतो. निर्यातदार झाल्यावर दोनच वर्षांनी, जून 2022 मध्ये, तिथे पेट्रोलचा सरासरी दर पहिल्यांदाच गॅलनला 5 डॉलरच्या वर गेला.

आपला देश आजही गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. सांगली-साताऱ्याच्या वाट्याला या लढाईत आलाय तो ऊस. केंद्राच्या व्याज सवलतीच्या भरवशावर इथल्या कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, वाढवल्या, आणि 2025 मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर गेलं. हे मोठं काम आहे. पण मिचेल यांना सतरा वर्षं लागली, करसवलत बावीस वर्षं चालली. आपल्याकडे 7 डिसेंबर 2023 रोजी, गाळप ऐन जोरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा आदेश आला. आठवड्याभरात तो थोडा सैल झाला, साखरेच्या 17 लाख टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. निर्बंध पूर्ण उठले ते ऑगस्ट 2024 च्या अखेरीस. तोवर तो हंगाम संपून गेला होता, आणि डिस्टिलरीच्या कर्जाचे हप्ते कारखान्यांना भरावेच लागले होते.