घरगुती क्लाइंबिंग वॉल

खोलीत, गॅरेजमध्ये, तळघरात किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये प्लाय आणि होल्ड (हातापायाने पकडायचे खडकासारखे तुकडे) वापरून उभी केलेली प्रस्तरारोहणाच्या सरावाची भिंत. दोर लागत नाही, उंची बहुधा 3-4 मीटरच्या आत, खाली गाद्या, म्हणजे प्रकार बोल्डरिंगचाच. क्लाइंबर मंडळी हिला नुसतं 'बोर्ड' म्हणतात.

उगम नेमका कुठून धरायचा यावर एकमत नाही. कृत्रिम भिंतींचा इतिहास बरेच जण सिएटलच्या शूरमन रॉकपासून सुरू करतात, पण ते 1939च्या सुमाराचं दगड-सिमेंटचं उघड्यावरचं बांधकाम. दुसरा दावेदार 1964चा, डॉन रॉबिन्सन यांनी इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या एका कॉरिडॉरच्या विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवले ते. घरगुती भिंतही त्याच वंशातली असं सरसकट लिहिलं जातं, ते जरा सैल वाटतं, कारण ती भिंत सरळ उभी होती आणि तुकडे कायमचे चिणलेले, तर घरच्या बोर्डाची ओळखच मुळी दोन गोष्टींत आहे, एक म्हणजे अंगावर येणारा कल आणि दुसरं म्हणजे बोल्ट काढून होल्ड हलवता येणं. बोल्टचे होल्ड 1980च्या दशकात युरोपात रुळले, आणि त्याच सुमारास इंग्लंडात, विशेषतः शेफील्डमध्ये, क्लाइंबर घराच्या तळघरांत तिरके बोर्ड ठोकायला लागले. जर्मन क्लाइंबर वोल्फगांग ग्युलिशने 1988मध्ये न्यूरेम्बर्गच्या जिममध्ये केलेला कॅम्पस बोर्ड (नुसत्या आडव्या लाकडी पट्ट्या, पायाला आधार नाही) ही घरगुती भिंत नव्हे, पण सरावाचं साधन खडकासारखं दिसायलाच हवं असं नाही हे त्याने पक्कं केलं. तेव्हा शेफील्डच्या तळघरांकडे बोट दाखवणारं मत जास्त पटतं. पुढे शेफील्डच्याच क्लाइंबर बेन मूनने साधारण 2005मध्ये मूनबोर्ड आणला. त्यात कल, होल्ड आणि त्यांच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे एकाने शेफील्डला रचलेला प्रॉब्लेम (ठरावीक होल्ड वापरून चढायचा मार्ग) दुसऱ्याला पुण्यात जसाच्या तसा चढता येतो.

रचनेत सगळ्यात आधी कल ठरवायचा. तो उभ्या रेषेपासून मोजतात, जमिनीपासून नाही, आणि सुताराशी बोलताना घोळ होतो तो इथेच. नवख्याला 15-20 अंश पुरतात, मूनबोर्ड प्रामुख्याने 40चा असतो. 40 अंशांवर 2.44 मीटर (8 फूट) लांबीचा प्लाय उंची घेतो जेमतेम 1.87 मीटर आणि खोलीत पुढे येतो 1.57 मीटर, शिवाय गादीची जागा वेगळी धरा.

प्लाय 18 मिमीचा, त्यात साधारण 20 सेंमी अंतराने भोकं, आणि मागून एम10 टी-नट (10 मिमीचा बोल्ट घेणारा, लाकडात रुतणाऱ्या दातांचा नट). ड्रिल पुढून मारतात म्हणजे चढायच्या बाजूला लाकूड फुटत नाही. टी-नट प्लाय फ्रेमवर चढवण्याआधीच ठोकून घ्यायचे. चार दातांचा टी-नट लाकडात ओढून बसलेला असतो, बोल्ट तिरका लागला आणि जोर दिला की तो मागे निसटून पडतो, आणि प्लाय भिंतीला चिकटून बसवला असेल तर तिथे हात कुठून घालणार? म्हणून मागे हात जाईल एवढी पोकळी ठेवतात. लांब बोल्टलाही ती लागतेच. होल्ड हाताखाली फिरू नये म्हणून मुख्य बोल्टच्या बाजूला एक छोटा स्क्रू मारतात.

भार नुसत्या वजनाचा नसतो, उडी मारून होल्ड पकडला की झटका वजनापेक्षा बराच जास्त बसतो. फ्लॅटमधली 4 इंची विटांची आतली भिंत तो घ्यायच्या लायकीची नसते, त्यामुळे आरसीसी बीम-कॉलमला अँकर फास्टनर किंवा सरळ लोखंडी पाइपची स्वतंत्र फ्रेम. गाद्या फोमच्या, कापसाची गादी दबून कडक होते, ती बिनकामाची.

महाराष्ट्रात सह्याद्रीतल्या कडे-सुळक्यांवर चढणाऱ्यांकडून हा प्रकार आलाय, तोही पुण्या-मुंबईत जास्त. कोकणपट्टीत पावसाळ्यात साधा कमर्शियल प्लाय फुगतो, तिथे मरीन प्लाय (आयएस 710) घेतलेला बरा.