छोटं रिव्हॉल्व्हर घेताय? आधी चाप पूर्ण ओढून बघा
लायसन्सधारक ग्राहकांसाठी माहिती

बत्तीसचं, म्हणजे .३२ बोअरच्या (नळीच्या मापाच्या) रिव्हॉल्व्हरचं, लायसन्स हातात पडलं की माणूस दुकानात येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, सगळ्यात छोटं, हलकं, शर्टाखाली न दिसणारं कोणतं आहे ते दाखवा. विचारण्यात चूक काही नाही. पण त्याच्यापुढे जे होतं त्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हे एकदा लिहून काढलंय. लायसन्स कसं काढायचं ते इथे नाही, ते झालंय आणि एस-१ चं, म्हणजे शस्त्र सुरक्षित हाताळायचं, ट्रेनिंगपण झालंय असं धरून चाललोय.

होतं असं. रिव्हॉल्व्हर हातात दिलं की माणूस आधी ते तळहातावर तोलतो, मग खिशात घालून आरशात बघतो, मग अंगठ्याने घोडा (मागचा हॅमर) मागे ओढून चाप (ट्रिगर) दाबतो, खट्, आणि म्हणतो वा, काय मऊ आहे. झालं, पसंत पडलं. पण ही सिंगल ॲक्शन झाली. घोडा आधीच मागे असल्यामुळे चापाला फक्त तो सोडायचं काम उरतं, ते कोणाचंही बोट करतं. प्रसंगाच्या वेळी असं होत नाही. रात्री दुकान बंद करून कॅशची पिशवी घेऊन निघालात आणि मागून कोणी हात घातला तर अंगठ्याने घोडा ओढत बसायला कोणाला सुचणार? आणि समजा सुचलं, घोडा मागे ओढून थरथरत्या हाताने उभे राहिलात, तर ते जास्त धोक्याचं, कारण मग चापाला जरासा धक्कासुद्धा पुरतो.

त्या वेळी चाप सरळ ओढला जातो, म्हणजे डबल ॲक्शन. एकाच ओढीत बोटाने घोडा मागे न्यायचा, सिलिंडर (गोळ्या भरायचा गोल फिरता भाग) एक घर पुढे सरकवायचा आणि घोडा सोडायचा. ही ओढ लांब असते आणि जड असते. सिंगलला दोन किलोच्या आसपास जोर लागत असेल तर डबलला पाच-सहा किलो सहज लागतात, पीसप्रमाणे कमीजास्त. आता हिशोब करा, शस्त्र अर्धा किलोचं आणि बोट जोर लावतंय पाच किलोचा, म्हणजे वजनाच्या दहापट. नळी जागेवर राहील कशी? वजन जितकं कमी तितकी नळी जास्त हलते आणि धक्काही हाताला जास्त बसतो. शिवाय छोट्या नळीवर नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळ जवळ असतात, त्यामुळे नेमातली बारीकशी चूक लक्ष्यावर वीतभर होते. हलकं म्हणजे सोपं असं जे डोक्यात बसलेलं आहे ते बाळगायच्या बाबतीत खरं आहे, चालवायच्या बाबतीत उलटं आहे.

मग पहिल्यांदा रेंजवर जाऊन आल्यावर फोन येतो की साहेब गोळ्या खाली डावीकडे जातायत, पीसमध्ये फॉल्ट आहे, बदलून द्या. फॉल्ट बहुतेक वेळा पीसमध्ये नसतो. आणि बदलून देता येत नाही, हे कृपया समजून घ्या, त्यात आमचा आडमुठेपणा नाही. विक्री झाली की नंबर तुमच्या लायसन्सवर चढतो, आमच्या रजिस्टरमध्ये चढतो, शस्त्र नेऊन दाखवायचं ते तुम्ही दाखवून आलेले असता. आता ते मोबाइलसारखं सात दिवसांत परत होत नाही. दुसऱ्या लायसन्सधारकाला स्वतः विकायचं म्हटलं तरी १९५९च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचं पोलीस स्टेशन यांना घेणाऱ्याच्या नावपत्त्यासकट लेखी कळवायचं आणि त्यानंतर कमीत कमी ४५ दिवस जाऊ द्यायचे. वर तुमच्या लायसन्सवरची नोंद बदलायचे हेलपाटे वेगळे. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर साध्या लायसन्सधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, तेव्हा हे राहू दे, अजून एक घेतो असंही फार चालत नाही.

म्हणून आमच्याकडे काउंटरवर जो वेळ लागतो तो लागू द्या. काही जणांना वाटतं की हा दुकानदार विकायलाच तयार नाही, नुसती परीक्षा घेतो. घेतोच. आम्ही काय करायला सांगतो ते इथेच वाचून या म्हणजे लवकर होईल.

सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे आधी आम्ही बघतो, मग तुम्ही बघायचं, आम्ही बघितलं म्हणून तुम्ही सोडायचं नाही. मग डमी राउंड (बारूद नसलेली नकली गोळी) घालून दिलेल्या जागेकडे नळी धरायची आणि घोड्याला हात न लावता चाप सहा वेळा पूर्ण ओढायचा, सलग. पहिले दोन सगळ्यांना जमतात. चौथ्या-पाचव्याला बोट थकलं, ओढ मध्येच अडली किंवा दुसऱ्या हाताचं बोट मदतीला आलं तर ते शस्त्र तुमचं नाही, कितीही गोंडस दिसत असो. जमलं तर पुढची पायरी, नळीवर माशीच्या जरा मागे आम्ही एक रुपयाचं नाणं ठेवतो आणि परत तसाच चाप ओढायला लावतो. घोडा पडेपर्यंत नाणं टिकलं पाहिजे. पहिल्या झटक्याला कोणाचंच टिकत नाही, मोठमोठ्या साहेब लोकांचंही पडतं, त्यात लाजायचं काही नाही. पण दोन वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरवर हे करून बघितलं की कोणतं तुमच्या हाताचं आहे ते आम्हाला सांगावं लागत नाही. बऱ्याचदा लोक छोटं घ्यायला येतात आणि जरा मोठ्या ग्रिपचं घेऊन जातात, ते यामुळे. बोटाचं पहिलं पेर चापावर नीट बसतंय का, की बोट पुरवण्यासाठी मुठीतून पकड फिरवावी लागतेय, तेही तेव्हाच कळतं. मॅडम लोकांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण घरचे पुरुष येऊन पसंत करतात आणि वापरणार असतात त्या. लायसन्स ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच या, दुसऱ्याच्या हाताचं माप चालत नाही.

आता कोणतं घ्यायचं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं बत्तीस सगळ्यांना माहीत आहे, तीन इंची नळी, सहा राउंड, साधारण पाऊण किलोच्या आत, वरून मोडून उघडायचं, उघडलं की रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात. दिसायला जुनाट आहे पण भरायला-रिकामं करायला नवशिक्याला सोपं पडतं. निर्भीक हे कानपूरचंच हलकं बत्तीस २०१४च्या जानेवारीत आलं, टायटॅनियम अलॉय, ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये, बायकांसाठी म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. शस्त्र वाईट नाही, बाळगायला छानच आहे, पण वरचा दहापटीचा हिशोब याच्याच बाबतीत जास्त लागू होतो, तेव्हा नाण्याची परीक्षा न देता घेऊ नका. प्रबल हेही बत्तीसच, २०२३च्या ऑगस्टमध्ये आलं, ७०० ग्रॅम, ७६ मिलिमीटर नळी, सिलिंडर बाजूला उघडतो. आमची पसंती विचाराल तर वजन आणि पकड बघता बहुतेकांना हेच बसतं, हे आमच्याकडे जास्त खपतं म्हणून सांगत नाही. बरं, त्याच्या जाहिरातीत पन्नास मीटरची रेंज लिहिलेली असते ती डोक्यातून काढून टाका. पन्नास मीटर लांब असलेल्या माणसावर गोळी झाडून ते स्वसंरक्षण होतं हे कोर्टाला पटवणं कठीण आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ यावरच आहेत, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असताना हा हक्क मिळत नाही आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा तर नाहीच, बाकी तुमच्या वकिलांना विचारा.

निडर म्हणून एक येतं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, .२२ बोअरचं, फक्त २५० ग्रॅम. खिशात आहे की नाही कळत नाही. पण लायसन्सवर बोअर .२२ लागतं, आणि त्या काडतुसात बारूद पेटवायचा मसाला कडेला असतो म्हणून रिकामा चाप ओढून सराव करायचा नाही, पिन खराब होते, डमी राउंड हवेतच. आणि अमेरिकन व्हिडिओत दिसतं ते पाच राउंडचं .३८ आमच्याकडे नाही, दाखवू नका, आणि नऊ एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या लायसन्सवर मिळत नाही, त्याबद्दल तर विचारूच नका.

काडतुसांचा एक गोंधळ नेहमी होतो. बत्तीस म्हटलं की सगळं एक असं नसतं, रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लांब आणि कडा असलेलं, पिस्तुलाचं बत्तीस आखूड. मित्राच्या पिस्तुलातली उरलेली गोळी तुमच्या सिलिंडरमध्ये कदाचित शिरेलही, तरी घालायची नाही. मुळात दुसऱ्याची काडतुसं घ्यायचीच नाहीत, ती त्याच्या लायसन्सवरची आहेत. आणि खोक्यावरचं साल बघा, खडकीच्या सरकारी कारखान्याची असली म्हणून जन्मभर टिकत नाहीत, दमट कपाटात पडलेली जुनी काडतुसं सरावात संपवा आणि कमरेला ताजी ठेवा.

बाळगण्याबद्दल. २०१६च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेली हवी, म्हणजे लपवून बाळगणं ही हौस नाही, नियमच आहे. लग्नात कमरेला दिसेल असं लावून फिरणारे आमच्याकडून होल्स्टर घेऊन जातात आणि शर्ट खोचतात, काय बोलायचं. हवेत गोळीबाराला तर आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. होल्स्टर असा हवा की चाप पूर्ण झाकला जाईल. पर्समध्ये किल्ल्या आणि लिपस्टिकबरोबर सुटं ठेवणं, पँटच्या खिशात रुमालात गुंडाळून ठेवणं हे बंद करा, चापात किल्ली अडकली की काय होईल ते सांगायला नको. आमच्याकडे मॉडेलप्रमाणे मापाचे होल्स्टर शिवून मिळतात, तयार सैल होल्स्टरपेक्षा थोडे महाग पडतात, पण छोटं शस्त्र सैल होल्स्टरमध्ये फिरतं आणि ऐन वेळी मूठच उलटी हातात येते. घरी आल्यावर शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये तसंच ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि दिवाळीपर्यंत नळीवर गंज. दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला येणारी निम्मी तक्रार हीच असते.

निवडणुकीत शस्त्र जमा करायचा आदेश आला की शेवटच्या दिवशी रांग लावू नका, आम्ही जमा घेतो, पावती देतो, पण आधी या.

येताना ओरिजिनल लायसन्स आणा, झेरॉक्सवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर शस्त्र हातात मिळणार नाही, ओळखीचे असलात तरी. लायसन्सवर यूआयएन (प्रत्येक लायसन्सधारकाचा वेगळा ओळख क्रमांक) चढलाय का ते घरीच बघून घ्या. रोज घालता तेच कपडे घालून या, सफारी तर सफारी, कुर्ता तर कुर्ता, आणि पट्टा रुंद आणि कडक असलेला, कारण पातळ पट्ट्यावर पाऊण किलो लटकलं की पँट एका बाजूला उतरते आणि लपवायचं ते सगळ्यांना दिसतं. गाडीत बसून बघायचं असेल तर दुकानात खुर्ची ठेवलेली आहे, बसून काढून बघा, उभं असताना सोपं वाटतं ते पोट दुमडलं की निघत नाही. भाव फोनवर आणि व्हॉट्सॲपवर सांगत नाही, फोटोही पाठवत नाही. शनिवारी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी सकाळी आलात तर दोन-तीन पीस शांतपणे हाताळून बघता येतील.