विद्यार्थ्यांची स्वयंसेवी डिझाईन मदत

अप्लाइड आर्ट, डिझाईन किंवा आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींनी जवळपासच्या सामाजिक संस्थांना लोगो, पोस्टर, माहितीपत्रक, वेबसाईट, कधी तर अख्खी इमारतसुद्धा पैसे न घेता करून द्यायची पद्धत.

ही सुरुवात नेमकी कुठून धरायची यावर एकमत नाहीये. काही जण १९६४ सालच्या लंडनच्या जाहीरनाम्यापर्यंत मागे जातात. ग्राफिक डिझायनर केन गारलंड यांनी तो काढला, २२ सह्या होत्या, आणि सही करणारे आम्ही डिझायनर, फोटोग्राफर आणि विद्यार्थी आहोत असं त्यात स्वतःच म्हणतात. पण त्याचा रोख डिझायनरांचं कसब जाहिरातबाजीत खर्ची पडतंय यावर होता, फुकट काम करण्यावर नाही, त्यामुळे तो उगम मानणं जरा ओढूनताणून वाटतं. दुसरं मत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या कम्युनिटी डिझाईन सेंटरकडे, म्हणजे वस्तीला डिझाईनची मदत करणाऱ्या केंद्राकडे, जातं, पण तिथे पुढाकार व्यावसायिक आर्किटेक्टांचा होता. तिसरं मत अमेरिकेतल्या येल विद्यापीठाकडे बोट दाखवतं, आणि तेच जास्त पटतं. १९६७ साली तिथले प्राध्यापक चार्ल्स मूर यांच्या पुढाकाराने तिथल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी केंटकी राज्यातल्या न्यू झायन या वस्तीसाठी समाजकेंद्र डिझाईन केलं आणि स्वतःच्या हातांनी बांधलंही, म्हणजे शिकणारे, शिकवणारी संस्था आणि गरज असलेली वस्ती तिन्ही एकाच कामात आले. आधी काम दूरवर चालायचं, १९८९ पासून मात्र विद्यार्थी येलच्याच न्यू हेवन शहरात परवडणारी घरं बांधायला लागले. ऑबर्न विद्यापीठाचा रुरल स्टुडिओ (१९९३, अलाबामा) हा उपक्रमही याच वाटेवरचा. ग्राफिक डिझाईनकडे १९९८ साली साऊथ कॅरोलिनात क्रिएटॅथॉन सुरू झालं, सलग २४ तास बसून संस्थांचं काम संपवायचं, सुरुवात एका एजन्सीने केली आणि नंतर ते कॉलेजांतही पोचलं.

भारतात राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली, दोन वर्षांत २४० तास सेवा अशी अट. ते तास बहुतेक वृक्षारोपण, स्वच्छता, रक्तदान शिबिरात जातात, डिझाईनचं कसब त्यात क्वचितच वापरलं जातं आणि ही खरंच हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणात कम्युनिटी एंगेजमेंटला, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाला, क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) मिळतात, त्यामुळे आता अशा कामाला जागा आहे. क्रेडिट घेतलं की ती सेवा उरते का असा आक्षेप काही जण घेतात, पण संस्थेला पोस्टर वेळेवर मिळालं तर तो फार महत्त्वाचा वाटत नाही.

मालकीचा प्रश्न मात्र महत्त्वाचा. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे ती करणारा, नोकरीत केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं होतं पण स्वयंसेवक काही नोकर नाही, म्हणून तोंडी ‘दिला तुम्हाला लोगो’ म्हणून हक्क जात नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. संस्थेचा लोगो पाच वर्षांपुरता नसतो, तेव्हा एक पानाचा करार आधीच करून घ्यावा.

मराठी कामात फॉन्टची अडचण वेगळीच असते. संस्थांचा जुना मजकूर बरेचदा श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर वापरता येतो पण रफार आणि जोडाक्षरं तरीही बिघडू शकतात, म्हणून प्रूफ परत वाचायलाच हवं, आणि ते संस्थेतल्याच माणसाने वाचावं कारण गावांची नि देणगीदारांची नावं त्यालाच माहीत. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे ‘मुक्त’, ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट खुल्या लायसन्सचे आहेत, संस्थेला वेगळे पैसे पडत नाहीत. नुसती पीडीएफ देऊन निघून जाऊ नये, बदलता येईल अशी फाईल आणि फॉन्ट दोन्ही संस्थेच्या कॉम्प्युटरवर टाकून द्यावेत, म्हणजे पुढच्या शिबिराची तारीख त्यांना स्वतः बदलता येते.