गो भाषेचा सोर्स कोड आणि डॉक्युमेंटेशन एकाच रेपोत कसं नांदतं, त्याची पार्श्वभूमी

गो ही गूगलमध्ये जन्मलेली प्रोग्रामिंग भाषा. तिचा सोर्स कोड पहिल्यांदा उघडणारे बहुतेक जण थेट कंपायलरच्या, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, फोल्डरमध्ये शिरतात आणि तिथेच हरवतात. माझं मत विचाराल तर आधी कमिटची, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या एकेका बदलाची, हिस्टरी बघा, अगदी तळापर्यंत जाऊन. सगळ्यात खालचं कमिट आहे १८ जुलै १९७२ चं, ब्रायन कर्निहान यांच्या नावावर, आणि त्यात आहे सी च्या आधीच्या बी भाषेतला हॅलो वर्ल्ड, नुसतं एक वाक्य छापणारा छोटा प्रोग्राम. बी मध्ये एका कॅरेक्टर कॉन्स्टंटमध्ये चारच्या वर अक्षरं मावत नव्हती, म्हणून त्या फाइलमध्ये वाक्याचे तुकडे पाडून तीन व्हेरिएबलमध्ये ठेवलेत. त्याच्या वर १९७४ चं कमिट, तोच प्रोग्राम सी मध्ये आणलेला, मग १९८८ ची दोन, आन्सी सी साठी. ही चारही अर्थात मागाहून मुद्दाम बसवलेली आहेत, रेपोच, म्हणजे कोड आणि त्याची हिस्टरी ठेवायची जागाच, मुळात २००८ ची. पण आपण कुठून आलो हे कोडच्या हिस्टरीतच लिहून ठेवायचं ही गोष्ट मला फार आवडते.

त्याच्या पुढचं, म्हणजे पहिलं खरं कमिट २ मार्च २००८ चं, गो च्या तीन जनकांपैकी एक, रॉबर्ट ग्रीसेमर यांचं. आणि त्यात कंपायलर नाही, भाषेच्या स्पेकचा, म्हणजे नियम सांगणाऱ्या डॉक्युमेंटचा, कच्चा मसुदा आहे. माझ्या मते गो ची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

थोडं मागे जाऊ. २००७ मध्ये गूगलमध्ये सी प्लस प्लसचे मोठमोठे प्रोग्राम बिल्ड करायला भयानक वेळ लागायचा. गो चे दुसरे जनक रॉब पाइक यांनी नंतर एका भाषणात एका बिल्डचे आकडे दिले होते: साधारण २००० फाइल्स, सगळ्या एकापुढे एक जोडल्या तर ४.२ एमबी, पण हेडर फाइल्स (इतर फाइल्स आपल्यात ओढून घेतात त्या सामायिक फाइल्स) उलगडून कंपायलरच्या तोंडात पडेपर्यंत ८ जीबीच्या वर. तीच हेडर फाइल शेकडो वेळा उघडायची, वाचायची, परत वाचायची. आणि हे सगळं अनेक मशीन्सवर वाटून दिलेलं असूनसुद्धा ४५ मिनिटं. २१ सप्टेंबर २००७ ला ग्रीसेमर, पाइक आणि केन थॉम्पसन यांनी व्हाइटबोर्डवर नव्या भाषेची उद्दिष्टं लिहायला घेतली, त्यामागे हा वैताग होता. थॉम्पसन म्हणजे तेच, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम आणि वरची बी भाषा बनवणारे.

जानेवारी २००८ पर्यंत थॉम्पसन यांनी कल्पना तपासून बघायला एक कंपायलर सुरू केला होता, तो आउटपुट म्हणून सी कोड द्यायचा. मग मे मध्ये इयन लान्स टेलर यांनी नुसता स्पेकचा मसुदा समोर ठेवून जीसीसी या जुन्या ओपन सोर्स कंपायलरसाठी गो चा वेगळा फ्रंट एंड, म्हणजे गो कोड वाचून समजून घेणारा भाग, लिहायला घेतला, स्वतंत्रपणे. याचं महत्त्व लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. एकच कंपायलर असला की तो जे करेल ती भाषा, डॉक्युमेंट मागून फरफटत येतं. दोन कंपायलर वेगळं उत्तर द्यायला लागले की कोण चुकलं हे ठरवायला स्पेककडेच जावं लागतं, आणि स्पेकच मोघम असेल तर तो दुरुस्त करावा लागतो. गो चा स्पेक आजही एका बैठकीत वाचून होतो आणि तो कंपायलरच्याच रेपोमध्ये राहतो, त्यामुळे २०२२ मध्ये गो च्या १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या टाइपसाठी वापरायची सोय) आले तेव्हा स्पेकमध्ये काय काय बदललं हे कोडच्या बदलांसारखंच कमिट उघडून बघता येतं.

१० नोव्हेंबर २००९ ला सगळं ओपन सोर्स झालं. रेपो मात्र हिस्टरी सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात बरीच फिरली, आधी सबव्हर्जन, मग परफोर्स, मग मर्क्युरियल आणि डिसेंबर २०१४ पासून गिट, आणि एवढं होऊनही हिस्टरी सलग टिकली.

डॉक्युमेंटेशनची पद्धत अगदी साधी ठेवली. फंक्शनच्या बरोब्बर वर कॉमेंट लिहायची, तिची सुरुवात त्या फंक्शनच्या नावाने करायची, झालं, तेच डॉक्युमेंटेशन. वेगळे टॅग नाहीत, पाठ करायला काही नाही. आणि उदाहरणं तर त्याहून भारी, उदाहरण हे खरं फंक्शन असतं, टेस्ट फाइलमध्ये, शेवटी कॉमेंटमध्ये अपेक्षित आउटपुट लिहायचं. टेस्ट चालवली की उदाहरण खरंच चालतं आणि आउटपुट जुळलं नाही तर टेस्ट फेल. म्हणजे कोड बदलला आणि उदाहरण तसंच राहिलं तर ते लगेच पकडलं जातं. डॉक्युमेंटेशन शिळं होऊ नये म्हणून याच्याइतका सरळ उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही. यात सुधारणा मात्र सावकाश झाली, डॉक कॉमेंटमध्ये नीट याद्या आणि लिंक लिहिता यायला २०२२ चं १.१९ उजाडावं लागलं.

आता कंपायलर. सुरुवातीचा कंपायलर सी मध्ये होता, प्लॅन नाइन या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमच्या कंपायलरच्या वंशातला, म्हणून जुन्या कोडमध्ये सिक्स जी, एट जी, फाइव्ह जी अशी नावं दिसतात, सिक्स म्हणजे ६४ बिट इंटेल, एट ३२ बिट, फाइव्ह आर्म. ऑगस्ट २०१५ च्या १.५ मध्ये हा अख्खा सी कोड गो मध्ये आणला, तोही हाताने परत लिहून नाही, तर त्यासाठीच लिहिलेल्या एका प्रोग्रामने भाषांतर करून. किंमत मोजावी लागली, बिल्डला जवळपास दुप्पट वेळ लागेल असं रिलीज नोट्समध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं, कारण मशीनने केलेला गो कोड गो सारखा वाटतच नव्हता. ४५ मिनिटांच्या वैतागातून जन्मलेल्या भाषेसाठी हा निर्णय सोपा नव्हता, पण मला तो बरोबर वाटतो, त्यानंतर कंपायलर सुधारायला सी यायची गरज उरली नाही, आणि २०१६ च्या १.७ मध्ये ६४ बिट इंटेलसाठी नवा बॅकएंड, म्हणजे मशीन कोड तयार करणारा भाग, आलासुद्धा.

पण मग गो कंपायलर बिल्ड करायला आधी गो लागणार. म्हणून १.४, सी मधला शेवटचा, बरीच वर्षं जपून ठेवावा लागला, १.१९ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या त्याच्यावरून बिल्ड होत होत्या. १.२० ला मात्र किमान १.१७ लागतो, १.२२ ला १.२०, १.२४ ला १.२२. म्हणजे नुसत्या सी कंपायलरवरून आजच्या गो पर्यंत यायचं तर ही शिडी एकेक पायरी चढावी लागते.

ही साखळी नुसती तांत्रिक कटकट नाही. १९८३ मध्ये ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात थॉम्पसन यांनीच दाखवलं होतं की कंपायलरमध्ये चोरदरवाजा लपवता येतो आणि सोर्स कोड कितीही वाचला तरी तो सापडत नाही, कारण कंपायलर स्वतःला कंपाइल करताना तो पुन्हा आत घालतो. गो ने यावर ऑगस्ट २०२३ च्या १.२१ पासून अशी सोय केली की तुम्ही कुठल्याही मशीनवर सोर्सवरून टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या सोबतची साधनं) बिल्ड करा, अधिकृत डाउनलोडशी ती बाइट टू बाइट जुळते, आणि तुमची सुरुवातीची कंपायलरची साखळी वेगळी असली तरी जुळते.