वॉकिंग फूट आणि फ्री-मोशन फूट : टाक्याचे माप कोणाच्या हाती?

शिवणमशीनचा फूट म्हणजे सुईपाशी कापड धरणारा, बदलता येणारा भाग. शिवणसाहित्याच्या दुकानात ‘क्विल्टिंग फूट द्या’ एवढेच सांगितले, तर पुढ्यात येणारी वस्तू तीनपैकी कोणतीही असू शकते. एक, तुकडे जोडताना पाव इंचाची शिवण अचूक राखणारा अरुंद फूट. दुसरा, बाजूला दांडी असलेला, बोजड दिसणारा वॉकिंग फूट. आणि तिसरा, स्प्रिंग लावलेला, टोकाला लहानशी कडी असलेला फ्री-मोशन फूट, ज्याला पुष्कळ ठिकाणी डार्निंग फूट, म्हणजे रफूचा फूट, असेही म्हणतात. यांपैकी पहिल्याचा क्विल्टिंगशी खरे तर संबंध नाही. तुकडे जोडून वरचा पदर तयार करणे हे पॅचवर्क, आणि वरचा पदर, मधला कापूस व खालचे अस्तर हे तीन थर टिपेने एकमेकांना बांधणे हे क्विल्टिंग. पाव इंची फूट पॅचवर्कचा आहे, तेव्हा त्याला येथेच रजा देते. उरलेल्या दोघांचा घोळ मात्र माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने घातलेला असतो, आणि तो घोळ वस्तूच्या नावाचा नसून कामाच्या स्वरूपाचा असतो.

ज्याला मशीनवर सरळ टीप मारता येते त्याला वॉकिंग फूट निराळा शिकावा लागत नाही. नेहमीच्या शिवणीत सुईखालच्या पट्टीतून वर येणारे दाते फक्त खालचे कापड पुढे नेतात आणि वरचे कापड फूटखाली दाबले गेल्यामुळे मागे रेंगाळते. दोन सुती कापडांत हा फरक जाणवत नाही; तीन थरांच्या गोधडीत मात्र टिपेच्या शेवटी वरचा पदर बोटभर जास्त उरतो आणि चुण्या पडतात. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात; सुई धरणाऱ्या स्क्रूवर टेकलेली त्याची दांडी सुईबरोबर वरखाली होते आणि ते दाते चालवते, त्यामुळे कापड वरून व खालून एकाच लयीत सरकते. फाफसारख्या कंपनीच्या काही मशीनमध्ये ही सोय अंगचीच असते. बाकी सारे ओळखीचे आहे: मशीनचे दाते वर, टाक्याची लांबी २.५ ते ३ मिलिमीटर, वेग मध्यम, उलटी टीप नाही, आणि हातांचे काम फक्त दिशा देण्याचे. दाते खाली पाडून वॉकिंग फूट लावणाऱ्या व्यक्ती मी पाहिल्या आहेत. कापड जागचे हलत नाही आणि दोष फूटच्या माथी येतो. वरचे दाते खालच्या दात्यांचे जोडीदार आहेत, बदली कामगार नव्हेत.

आता फ्री-मोशन. यात मशीनचे दाते खाली पाडतात किंवा पट्टीने झाकतात. फूट कापडावर दाबून बसत नाही. सुई कापडात शिरते त्या क्षणापुरता थर धरतो आणि सुई वर जाताच सोडतो. कापड मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे, कोठेही न्यावे. ‘कापड हाताने हलवायचे’ एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्यातून जे निघते ते मात्र क्वचितच कोणी सांगते, आणि सारी अडखळ तेथेच आहे: कापड हलवण्याचे काम हाताकडे आले म्हणजे टाक्याचे माप ठरवण्याचे कामही हाताकडे आले. मशीनवरची लांबीची चकती आता निव्वळ शोभेची आहे. सुई एकदा खाली येऊन पुन्हा खाली येईपर्यंत कापड जितके सरकले तितका तो टाका.

म्हणजे येथे एक वेग नसून दोन वेग आहेत, सुईचा आणि हाताचा, आणि टाका म्हणजे त्या दोहोंचे प्रमाण. दाते वर असताना पायाखालची पट्टी कमीजास्त दाबली तरी टाक्याचे माप बदलत नाही, कारण सुई भरभर चालली तर दातेही त्याच हिशेबाने भरभर चालतात. वर्षानुवर्षे शिवणाऱ्या माणसाच्या अंगात हे इतके मुरलेले असते की, वेग आणि टाका यांचा काही संबंध आहे हेच तो विसरून जातो. दाते खाली गेले की ही सांगड तुटते. सुई मिनिटाला ६०० वेळा खाली येत असेल आणि आपल्याला २.५ मिलिमीटरचा टाका हवा असेल, तर हाताने मिनिटाला १५०० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर, सुमारे एक इंच, सरकले पाहिजे. पाय सैल करून सुई ३०० वर आणली, तर हातही सेकंदाला अर्ध्या इंचावर आला पाहिजे. तो इंचभरच सरकत राहिला, तर टाका ५ मिलिमीटरचा होतो.

म्हणूनच ‘घाबरू नका, मशीन हळू चालवा’ हा सर्वत्र ऐकू येणारा सल्ला मला मनापासून नकोसा वाटतो. नवशिका माणूस पाय हळू करतो, पण त्याचा हात मूळ वेगानेच चालत राहतो, वळणावर तर अधिकच लगबग करतो, आणि हाताच्या धावदोऱ्याला शोभतील एवढाले टाके पडतात. मग तो आणखी घाबरतो, पाय आणखी हळू करतो आणि टाके आणखी लांबतात. खरा सल्ला उलट आहे: सुई स्थिर, मध्यम किंवा त्याहून थोड्या अधिक वेगाने चालू द्या आणि हात त्या आवाजाच्या लयीत संथ ठेवा. अंगणात रांगोळी घालणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. चिमटीतून पूड सुटण्याचा वेग एक आणि हात पुढे जाण्याचा वेग दुसरा. हात धावला तर रेघ विरळ होते, रेंगाळला तर ढीग होतो. चिमूट आवळली म्हणून कोणी हात तसाच पळवत नाही. फरक इतकाच की, रांगोळीत जमीन स्थिर असते आणि हात फिरतो, तर येथे चिमूट जागेवर रोवलेली असते आणि तिच्याखालून अंगणच सरकवायचे असते.

आपल्या हाताचा योग्य वेग कोणता, हे ज्याच्या त्याच्या मशीनला विचारता येते. नेहमीचा फूट लावा, दाते वर ठेवा, लांबी २.५ वर लावा, पायाखालची पट्टी आपल्याला सोयीच्या जागी दाबून धरा आणि घड्याळ लावून १० सेकंद टीप मारा. जेवढी लांब टीप पडली तेवढेच अंतर फ्री-मोशनमध्ये त्याच पायाने १० सेकंदांत तुमच्या हाताने कापायचे आहे. १० इंच भरली तर सुई मिनिटाला सुमारे ६०० टाके घालत आहे. ही मोजणी मी पहिल्या दिवशी करून घेते, आणि ती केल्यावर ‘मला जमणारच नाही’ हे वाक्य निम्म्याहून कमी वेळा ऐकू येते.

याच न समजलेल्या गोष्टीतून दुसरा एक गैरसमज निघतो. सरळ भागात टीप चांगली दिसते, पण गोलाईवर अस्तराच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे बारीक फासे, पापण्यांच्या केसांसारखे, ओळीने उभे राहतात. लगेच दोऱ्याच्या ताणाची चकती फिरवणे सुरू होते. ताण खरोखर चुकलेला असेल तर फासे सरळ टिपेतही दिसतील. ते फक्त वळणावर दिसत असतील तर वळणावर हात धावला आहे. कापडाच्या ओढीने सुई किंचित वाकते, खालचा दोरा वळण सोडून आडवा ताणला जातो आणि वरच्या दोऱ्याला खाली खेचतो. अशा वेळी सुई तिच्याखालच्या पट्टीवर आपटून मोडतेही. वळण येण्याच्या आधी हात संथ करणे हाच उपाय आहे, आणि ताणाला हात लावण्यापूर्वी तो करून पाहावा. बर्निनासारख्या कंपन्यांनी कापडाची हालचाल टिपून सुईचा वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा काढली आहे. ती उत्तम चालते, परंतु शिकण्याच्या काळात मी ती बंद ठेवायला सांगते.

सुरुवातीलाच अस्तराखाली दोऱ्याचा मोठा गुंता झाला असेल, तर त्याचे कारण बहुधा याहून साधे असते. फूट कापडाला टेकलेला नसतोच, म्हणून तो खाली करायची दांडी ओढायची राहून जाते. दांडी वर असली की ताणाच्या चकत्या उघड्या राहतात आणि वरच्या दोऱ्याला कोणी धरतच नाही. दांडी खाली करा, सुई एकदा खालीवर करून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, दोन्ही टोके धरून पहिले चारपाच टाके घाला.

दुसरा खरा फरक गोधडी फिरवण्याचा आहे. दाते कापडाला एकाच दिशेने नेतात, त्यामुळे वॉकिंग फूटने चौकोन काढायचा तर प्रत्येक कोपऱ्यावर सगळी गोधडी फिरवावी लागते. घरगुती मशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत बहुधा सातआठ इंचांचीच जागा असते. त्यातून पलंगभर गोधडीची गुंडाळी चार वेळा फिरवून पाहिली की खांदे काय ते सांगतात. फ्री-मोशनमध्ये गोधडी फिरवायचीच नसते, ती त्याच तोंडाने सर्व दिशांना सरकते. हाताने गोधडी शिवणाऱ्यांना हे सर्वांत जड जाते, कारण चौकटीच्या कडेने आत येत जाणारा धावदोरा घालताना गोधडी फिरवत नेण्याची सवय हाडीमाशी रुजलेली असते.

यावरून कोणते काम कोणाचे हे आपोआप ठरते. समांतर रेघा, मोठ्या चौकटी, जोडाच्या खाचेतून जाणारी टीप, काठाजवळची टीप ही वॉकिंग फूटची कामे. नागमोडी भरण, वेलबुट्टी, पाने, कोणाचे नाव ही फ्री-मोशनची. फ्री-मोशनमध्ये सर्वांत अवघड असते ती सरळ रेघ, हे नवशिक्याला पटत नाही. म्हणून सरावाला मी मांजरपाटाचे दोन तुकडे व मध्ये सुती बॅटिंग, म्हणजे भरणाचा थर, असा १२ इंची चौकोन घेऊन ‘ळ’ची ओळ काढायला लावते: दोन्ही बाजूंना गोलाई, मध्ये दिशाबदल, आणि अक्षरे शिरोरेघेवाचून. शिरोरेघ महिनाभराने. भरपूर फुगीर पॉलिस्टर भरण सरावाला घेऊ नये. ते फूटखाली उसळत राहते आणि हाताच्या चुका कोणत्या व भरणाच्या कोणत्या हे कळेनासे होते.

फ्री-मोशन हे काहीतरी परदेशी आणि नवे आहे, हा समजही टिकणारा नाही. शिवणक्लासात काळ्या पायमशीनवर फूट काढून, दाते खाली पाडून, लाकडी रिंगमध्ये कापड ताणून फुलापानांचे मशीन-भरतकाम करणाऱ्या स्त्रिया हेच करत होत्या. रिंगच्या जागी आता तीन थरांचा जाडपणा कापडाला ताठ ठेवतो, एवढेच. अशा एखाद्या आजीच्या शेजारी बसून तिचे हात पाहणे हे माझ्या मते कोणत्याही चित्रफितीपेक्षा बरे. ‘मशीनवर केले म्हणजे आपोआप झाले’ हा आक्षेप घेणाऱ्यांनीही तिचे हात पाहावेत. तो आक्षेप अमेरिकेतही होता. १९८९ मध्ये केंटकीतील पादुका येथे अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या मशीनने क्विल्ट केलेल्या कलाकृतीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा बराच वाद झाला होता. वॉकिंग फूटच्या सरळ रेघेपुरता तो आक्षेप एक वेळ ऐकून घेता येईल. जेथे प्रत्येक टाक्याचे माप हात ठरवतो तेथे त्याला जागा नाही.

सुया, दोरे, किंमत यांतील फरक किरकोळ आहेत. दोहोंना ९०/१४ क्रमांकाची सुई आणि चांगला सुती दोरा चालतो. जुन्या लुगड्यांचे चारपाच पदर असतील तर एक नंबर वरची सुई घ्यावी. तीन थर आधी कच्चे बांधून घेण्यातून मात्र दोघांपैकी एकही सुटका देत नाही. तळहात ठेवला तर कोठे ना कोठे सेफ्टी पिन हाताला लागावी, इतक्या दाट पिना हव्यात. वॉकिंग फूट आहे म्हणून पिना वाचवणाऱ्यांची उभ्याआडव्या रेघांची गोधडी प्रत्येक छेदावर चुणीने फुगलेली मी ओळखते.

माझा स्वतःचा क्रम ठरलेला आहे. आधी वॉकिंग फूटने जोडांच्या खाचेतून उभ्याआडव्या टिपा मारून गोधडी बांधून घ्यायची, मध्यापासून कडेकडे जायचे, आणि मग फूट बदलून प्रत्येक चौकट फ्री-मोशनने भरायची. फूट बदलताना विसरले जाते ते दात्यांचे. अनेक मशीनमध्ये दाते वर आणण्याची कळ सरकवली तरी हातचाक एक पूर्ण फेरा फिरवल्याशिवाय ते वर येत नाहीत. दुसऱ्या दिवशी काठाला गोट लावायला बसावे, कापड जागचे हलू नये आणि मशीन बिघडले म्हणून मेकॅनिकला बोलावणे जावे, असे माझ्याकडूनही एकदा झाले आहे. त्याने हातचाक फिरवले, माझ्याकडे पाहिले आणि चहा तेवढा घेतला.