बारा टक्क्यांची रेघ: शेतमालातल्या ओलाव्याच्या अटीची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आगेमागे हमीभाव खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा रांगेतल्या प्रत्येकाचे लक्ष पुढच्या टेबलावरच्या ओलावा मोजणाऱ्या एका छोट्या यंत्राकडे असते. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसून मूठभर सोयाबीन काढतात, यंत्राच्या वाटीत ओततात, बटण दाबतात. आकडा ११.८ आला तर पोती काट्यावर. १२.९ आला तर ट्रॅक्टर परत. माल तोच, कष्ट तेच, पण भाड्याचे पैसे गेले आणि नंबर पुन्हा कधी लागेल ते ठाऊक नाही. परत निघालेल्यांपैकी बरेच जण घरी जातच नाहीत. वाटेत बाजार समिती असते, तिथे हमीभावाच्या खाली का होईना, माल उतरतो.

सोयाबीनच्या सरकारी खरेदीतली बारा टक्के ओलाव्याची ही रेघ कुणी शेतकऱ्याला छळायला ओढलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. कापणीनंतरही दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. आत पाणी जास्त असेल तर श्वसन वाढते, उष्णता तयार होते, थप्पी आतून तापते आणि बुरशी धरते. काही बुरशांतून अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार होते. दाण्यांच्या फटींतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या खाली राहिली, तर बहुतेक बुरशा वाढत नाहीत. तृणधान्यात ही स्थिती १३-१४ टक्के ओलाव्याच्या आसपास येते. सोयाबीनमध्ये जवळपास पाचवा हिस्सा तेल असते आणि तेल पाणी धरून ठेवत नाही, म्हणजे सगळे पाणी उरलेल्या भागातच मुरते. त्यामुळे त्याची सुरक्षित मर्यादा आणखी खाली जाते. मका आणि ज्वारीला सरकारी खरेदीत १४ टक्के आणि सोयाबीनला १२ टक्के, हा फरक इथून आला. शास्त्र सरळ आहे. त्याचे रुपयांत रूपांतर कसे झाले, ती गोष्ट वेगळी आहे.

यंत्र येण्याआधी ओलावा दात आणि हात मोजत. दाणा दाताखाली कडकन फुटला तर वाळलेला, दबला तर ओला. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला की थंडावा कळायचा, मुठीतले दाणे हलवले की आवाजावरून अंदाज यायचा. ही पारख खोटी नव्हती. मुरलेल्या माणसाचा अंदाज फारसा चुकत नसे. पण दात व्यापाऱ्याचा, निकालही व्यापाऱ्याचा आणि त्यावर अपील नाही. 'माल ओला आहे' हे वाक्य भाव पाडायला पुरेसे होते.

त्याच काळात भारतीय गहू लंडनच्या बाजारात जाऊ लागला होता. तिथल्या धान्य व्यापारात 'फेअर अॅव्हरेज क्वालिटी' असा करार चाले, म्हणजे त्या हंगामात आलेल्या मालाची सरासरी प्रत. आज आपल्या खरेदी केंद्राच्या फलकावर 'एफएक्यू' म्हणून जी तीन अक्षरे दिसतात, त्यांचे मूळ या जहाजी व्यापारात आहे. भारतीय गव्हाच्या करारात ठरावीक टक्के माती-कचरा गृहीत धरलेला असे. त्यापेक्षा स्वच्छ गहू पाठवला म्हणून जास्त काही मिळत नसे. मग स्वच्छ माल पाठवायचा कशाला? मधल्या टप्प्यावर गव्हात माती मिसळली जाऊ लागली आणि दोष भारतीय शेतकऱ्याच्या माथी आला. कमी प्रतीला कपात आणि चांगल्या प्रतीला शून्य असे ठेवले की काय होते, याचा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. ओलाव्याच्या बाबतीत तो आपण अजून शिकलेलो नाही.

ओलावा नेमका मोजण्याची घाई झाली ती अमेरिकेत. युरोपला जाणारा मका जहाजात तापून खराब व्हायचा आणि खरेदीदार तक्रारी करायचे. १९०७ मध्ये तिथल्या कृषी खात्यातल्या ब्राउन आणि डुवेल यांनी एक जलद पद्धत प्रसिद्ध केली. दाणे तेलात तापवायचे, निघालेली वाफ थंड करून पाणी नळीत धरायचे आणि नळीवरच्या खुणांवर टक्केवारी वाचायची. भट्टीत तासन्‌तास वाळवून वजन करण्याऐवजी थोड्या वेळात निकाल मिळू लागला. १९१६ मध्ये तिथे धान्य मानकांचा कायदा झाला आणि मक्याच्या प्रतवारीत ओलाव्याचे आकडे बसले. डोळ्यांना पाणी दिसत होते, त्यामुळे वाद घालायला निदान जागा होती. नंतर विजेवर चालणारी यंत्रे आली. पाणी आणि कोरडा दाणा यांच्या विद्युत गुणधर्मांत मोठा फरक असतो, त्यावरून ती ओलाव्याचा अंदाज बांधतात. ती झटपट आहेत, पण पाणी मोजत नाहीत, पाण्याचा सुगावा घेतात. त्यामुळे पीक बदलले की मापन-सारणी, म्हणजे त्या सुगाव्यावरून टक्के काढण्याचा तक्ता, बदलावी लागते, दाणा तापलेला असेल तर सुधारणा करावी लागते, आणि अधूनमधून भट्टीच्या निकालाशी ताडून यंत्र जुळवून घ्यावे लागते. सोयाबीनच्या नमुन्याला दुसऱ्याच पिकाची सारणी लागली, तरी यंत्र तक्रार करत नाही. ते आकडा दाखवतेच.

आपल्याकडे बाजाराला शिस्त लावण्याचा प्रयत्न वऱ्हाडातून सुरू झाला, हे महाराष्ट्राने विसरू नये. १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या कृषी आयोगाने बाजारातल्या खोडी लिहून ठेवल्या. वजनमापांत फेरफार, मनमानी कपाती, नमुन्याच्या नावाखाली फुकट जाणारा माल, कापडाखाली हात धरून ठरवलेला भाव. त्यानंतर १९३७ मध्ये प्रतवारीचा कायदा आला, त्यातून 'अॅगमार्क' निघाले. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये आणि महाराष्ट्रात १९६३ मध्ये बाजार समित्यांचे कायदे झाले. उघड लिलाव आला, काटा सर्वांसमोर आला. ओलावा मात्र बराच काळ दातावर आणि मुठीवरच राहिला.

१९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले, सरकार स्वतः मोठे गिऱ्हाईक झाले आणि साठवणुकीच्या गरजेतून टक्केवारी खरेदीच्या अटींत पक्की झाली. ती पिकापिकाला वेगळी आहे, आणि या वेगळेपणातच सगळी मेख आहे. भाताला १७ टक्के चालतो, कारण पुढे गिरणीत तो वाळवला जातो. गव्हाला १२ टक्के, पण १४ पर्यंत भाव कापून घेतात. कापूस महामंडळ कापसाला ८ टक्के पाया धरते, १२ पर्यंत टक्क्याला टक्का कपात करते आणि आठच्या खाली आल्यास भाव वाढवून देते. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. १२ टक्के ओलाव्याला तो ७,२२० रुपयांवर येत होता. म्हणजे कापसाला उतार आहे, आणि तोही दोन्ही बाजूंनी. सोयाबीनला कडा आहे. कड्याच्या अलीकडे पूर्ण भाव, पलीकडे काहीच नाही.

सोयाबीन महाराष्ट्रात पसरले ते मुख्यतः १९९० च्या दशकात आणि त्यानंतर. विदर्भ-मराठवाड्यात कापूस आणि ज्वारीच्या जागी ते आले, कारण शंभर दिवसांत निघते आणि हातात रोकड देते. पण निघते ते नेमके परतीच्या पावसात. सोंगणी झाली, सुडी लावली आणि वर ताडपत्री टाकली, की दुसऱ्या दिवशी पाऊस. मळणीनंतर दाणे पसरायला पक्के खळे नाही, सलग चार दिवस ऊन नाही. एप्रिलच्या उन्हात निघणाऱ्या गव्हाला जी अट जाणवतही नाही, तीच सोयाबीनला फासासारखी बसते. जास्त वाळवायला जावे तर दाणा तडकतो, आणि तडकलेल्या दाण्यांची मर्यादा वेगळी आहेच.

२०२४ च्या हंगामात हे सगळे एकत्र आले. हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. केंद्रांवर ओलाव्यावरून माल परत जात होता आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. अट अशी घातली की १२ ते १५ टक्क्यांच्या मालामुळे येणारा खर्च आणि तूट राज्याने सोसावी. सवलत खरी होती. पण ज्यांना दिवाळीआधी पैशांची गरज होती, त्यांनी माल तोवर विकून टाकला होता.

आता हिशेब मांडून पाहू. १५ टक्के ओलाव्याच्या १०० किलो सोयाबीनमध्ये ८५ किलो कोरडा माल असतो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर वजन भरते ९६.५९ किलो. तूट ३.४१ किलोंची, म्हणजे ४,८९२ च्या भावाने सुमारे १६७ रुपये. वाळवण्याचा खर्च आणि साठवणुकीची जोखीम व्यापाऱ्याने यावर जरूर धरावी, ती खरी आहे. पण क्विंटलमागे कपात याच्या दुप्पट-तिप्पट होते, तेव्हा ती पाण्याची राहत नाही. १२ ऐवजी १२.१ आला तर पाण्याचा फरक जेमतेम साडेपाच रुपयांचा. त्या साडेपाच रुपयांसाठी अख्खा ट्रॅक्टर परत जातो.

उलट बाजूचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. एखाद्याने माल ९ टक्क्यांपर्यंत वाळवून आणला, तर त्याच्या १०० किलोंत ९१ किलो कोरडा माल आला. १२ टक्क्यांच्या मापाने ते १०३.४१ किलो होतात. तो क्विंटलमागे साडेतीन किलोंच्या घरात माल फुकट देऊन जातो आणि पावतीवर त्याचा मागमूस नसतो. गव्हाच्या बाबतीत तर हे सरकारी हिशेबातच दिसते. उन्हाळ्यात कोरडा घेतलेला गहू पावसाळ्यात गोदामात हवेतला ओलावा ओढतो, वजनाने वाढतो, आणि 'साठवणुकीतील वाढ' म्हणून ती रीतसर नोंदली जाते. जी वाढ गोदामाच्या वहीत आहे, ती शेतकऱ्याच्या पावतीवर का नसावी, याला शास्त्रात काही कारण नाही. कापसाला जमते ते सोयाबीनला आणि गव्हाला जमायला हरकत नाही.

राहिले यंत्र. तराजू आणि वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का बघायची सवय शेतकऱ्याला आता झाली आहे. धान्य आणि तेलबियांच्या ओलावामापकांसाठी आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची शिफारस १९८४ पासून अस्तित्वात आहे. म्हणजे हे यंत्रही तराजूइतकेच व्यवहाराचे यंत्र मानले गेले आहे, कारण त्याच्या आकड्यावर पैसे ठरतात. केंद्रावर मात्र त्याची शेवटची तपासणी कधी झाली, असे विचारणारा भेटत नाही आणि विचारले तरी दाखवायला कागद नसतो.

अलीकडे काही गावांत शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि गटांनी स्वतःचे यंत्र घेतले आहे. पोती भरायच्या आधी घरीच नमुना बघतात, ११.७ आला की ट्रॅक्टर लावतात. केंद्रावर पोहोचेपर्यंत एक दमट रात्र उघड्यावर जाते, नळी वरच्या पोत्यात शिरते, टेबलावरचे यंत्र १२.६ दाखवते. शेतकरी खिशातली घरची नोंद काढतो, मोजणारा स्क्रीनकडे बोट दाखवतो. दोन यंत्रांपैकी खरे कोणते, हे सांगू शकेल अशी भट्टी केंद्राच्या आवारात कुठेच नसते.